पहिल्या तासाचं कॅल्क्युलस

अकरावीच्या गणिताची दोन पुस्तकं आहेत, भाग एक आणि भाग दोन. कुठलं आधी शिकवायचं याबद्दल बोर्ड काही बोलत नाही. बोर्डाला वाटत असेल, मास्तर मंडळी शहाणी आहेत, ठरवतील आपापसात. आमच्या कॉलेजात गणिताला आम्ही दोघंच. मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले एक सर. दर जूनमध्ये आम्ही आपापसात ठरवायला बसायचो, आणि दर जूनमध्ये स्टाफरूममधली बाकीची माणसं चहाचे कप घेऊन ऐकायला जवळ सरकायची. काही जण तर त्या दिवशी रजा टाळायचे.

या भांडणात एका वर्षी मी जिंकले, आणि त्या जिंकण्यात एका पोरीचं गणित गेलं. मला तेच सांगायचं आहे. पण आधी भांडण सांगते, कारण ते मला अजून आवडतं.

सर मूळचे भुदरगडाकडचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम तीन खडू आणि तंबाखूची पुडी. पुडी आणि खडू एकत्र ठेवल्यामुळे त्यांच्या तंबाखूत चुना आपोआप पडतो, असं मी सगळ्यांना सांगायची. त्यांचं म्हणणं एकच. "पुस्तकात जसं हाय तसं जायचं. आधी भाग एक. त्रिकोणमिती, रेषा, वर्तुळ. पोरांनी धाव्वीला बघितलेलं असतंय. मग सवडीनं तुमचं ते कॅल्क्युलस."

"तुमचं ते" म्हणजे माझं. भाग दोन माझ्याकडे असायचा. आणि माझं म्हणणं असं, की भाग दोनमधलासुद्धा शेवटचा तुकडा, म्हणजे फलन, सीमा आणि विकलन, सगळ्यात आधी शिकवला पाहिजे. कारण जुलै उजाडला की फिजिक्सचे सर दारात येऊन उभे राहायचे. त्यांना गतीचा धडा सुरू करायचा असायचा आणि पोरांना विकलन म्हणजे काय ते माहीत नसायचं. मग ते स्वतःच दोन तासांत कॅल्क्युलस उरकायचे. फिजिक्सवाल्यानं उरकलेलं कॅल्क्युलस दुरुस्त करायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागायचा.

शेवटी तोडगा असा निघाला होता, की दोन्ही भाग बरोबरच चालवायचे. सकाळचे पहिले दोन तास गणिताचे. सात वीस ते आठ सरांचा भाग एक, आठ ते आठ चाळीस माझा भाग दोन. हे अकरा वर्षं चाललं, आणि अकरा वर्षं मी त्यावर धुसफुसत होते. सरांना पहिला तास का? तर ते विभागप्रमुख. जूनच्या पहिल्या दिवशी फळ्याखाली नारळसुद्धा तेच फोडायचे. खोबरं वाटत हिंडायचं काम माझ्याकडे. शिवाय दुसरा तास म्हणजे धर्मशाळा. फीची सूचना आली, शिपाई रजिस्टर घेऊन आला, रक्तदानवाले आले, की सगळे दुसऱ्या तासाला. x शून्याकडे जात असताना मधेच कुणीतरी येऊन सांगायचं, की बसचे पास आल्यात, ऑफिसातून घेऊन जा. बसचे पास हे शब्द मी अकरा वर्षं ऐकले, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

मग आमच्याकडे नवीन प्राचार्य आले. त्यांना मेंदूचं फार वेड. कुठलंही बोलणं ते मेंदूवर आणून ठेवायचे. मी लगेच ओळखलं, हा माणूस आपल्या कामाचा आहे. जूनच्या बैठकीत मी सांगितलं, की कॅल्क्युलस हा अमूर्त विचार आहे, त्याला सकाळचा ताजा मेंदू लागतो, आणि त्रिकोणमिती काय, अर्धवट झोपेतही होते. हे शेवटचं वाक्य मी सरांकडे बघून म्हटलं. प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी वहीत लिहून घेतलं. पहिला तास मॅडमना.

सरांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मेंदू ताजा असतोय, बरोबर हाय. पण त्यो मेंदू येतोय कशातनं, ते एकदा बघा की."

मला वाटलं, पोटात दुखतंय. दुखू दे. त्या वर्षी नारळ मी फोडला. एका दणक्यात फुटला नाही, तीन लागले, पण फोडला मीच. खोबरं सरांनी वाटलं.

पहिल्याच दिवशी मी वर्गात माझे नियम सांगून टाकले. सात वीसला दार बंद. उशिरा येणाऱ्यानं दार वाजवायचं नाही. आणि कारण सांगायचं नाही, कारणं ऐकायला मी वकील नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं, घरी नवऱ्यालाही ऐकवलं. मी राहते शाहूपुरीत. कॉलेजला स्कूटीवरून सात मिनिटं लागतात, सिग्नल लागला तर नऊ. आयुष्यात मला उशीर झाला तो केवळ गॅसवर दूध ठेवून विसरल्यामुळे. त्यामुळे वक्तशीरपणावर बोलायचा मला अधिकार आहे अशी माझी समजूत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त माझा उंट पेट्रोलवर चालायचा.

वर्ग निम्मा असायचा. मी त्याचा अर्थ असा लावला, की कॅल्क्युलसला निम्मी पोरं घाबरतात, आणि जी येतात ती वाघाची आहेत. निम्म्या वर्गाला शिकवण्यात सुख असतं हे कुठल्याही मास्तरला विचारा. आवाज चढवावा लागत नाही, मागच्या बाकावरची मोबाइल मंडळीच नसतात. मी हजेरी घ्यायची आणि ठणठणीत आवाजात गैरहजर लिहायची. फिजिक्सचे सर तर माझ्यावर इतके प्रसन्न होते की एकदा त्यांनी स्वतःच्या पैशानं कांदाभजी आणली.

सप्टेंबरात घटक चाचणी झाली. भाग एक पंचवीस गुण, भाग दोन पंचवीस. दोन्हीत वेगवेगळं पास व्हायला लागतं, हा नियम. हा नियम दोन वर्षांपूर्वी मीच करून घेतला होता, कारण पोरं सरांच्या सोप्या भागावर पास होऊन माझ्या भागाकडे ढुंकून बघायची नाहीत. आणि कॉलेजचा त्याहून मोठा नियम असा, की जो या चाचणीत पास होणार नाही त्याला महिनाअखेर गणित सोडायला लावायचं आणि भूगोल द्यायचा. बारावीचा निकाल शंभर टक्के लागला, असा फ्लेक्स आमच्या दाराबाहेर दरवर्षी लागतो. त्याच्यातले शंभर टक्के असे अकरावीतच धुऊन, निवडून घेतलेले असतात.

तर त्या गठ्ठ्यात एक पेपर होता. भाग एकमध्ये बावीस. सरांच्या हातून बावीस म्हणजे काय ते मला माहीत होतं, ते अर्धा गुणसुद्धा गाईला चारा घालतात तसा मोजून घालतात. आणि भाग दोनमध्ये तीन. मला राग आला. सरांचा सगळा अभ्यास करते आणि माझ्या तासाला फिरकत नाही म्हणजे काय? हजेरी काढली. जून ते सप्टेंबर, माझ्या तासाला एकही दिवस हजर नाही. सरांच्या तासाला एकही दिवस गैरहजर नाही. मी हे वैयक्तिक अपमान म्हणून घेतलं. वय सोळा आणि राजकारण बघा, असं मी स्टाफरूममध्ये म्हटलेलं मला आठवतं.

विषय बदलायच्या अर्जावर पालकांची सही लागते. तिचे वडील आले. शिपायानं त्यांना माझ्या टेबलाकडे पाठवलं, "पावणं, त्या बघा मॅडम, चष्मावाल्या." पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी आणलेली दह्याची बरणी. गारगोटी रस्त्यावर फाट्यापासून आत गाव आहे, चार म्हशी आहेत, पोरगी धाकटी, हे त्यांनी सांगितलं. मी घड्याळाकडे बघत ऐकलं.

"पोरगी म्हणतीया गणितच पायजे," ते म्हणाले. "घरात बी तेच घेऊन बसलेली असती. पर तुमी शिकवणाऱ्या. तुमाला काय वाटतंय?"

मी म्हटलं, तिला झेपत नाही. भाग दोनमध्ये तीन गुण आहेत. बारावीला नापास होण्यापेक्षा भूगोल बरा.

"मग तुमी म्हणशीला तसं," ते म्हणाले, आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली. खाली मी केली. त्या दिवशी मी अशा चौदा अर्जांवर सही केली. दही मात्र उत्तम होतं, आम्ही दोन दिवस पुरवून खाल्लं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सर रजेवर गेले. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. प्राचार्यांनी मला दुसरा तासही घ्यायला सांगितलं. आठला पहिला तास संपला, मी पाणी प्यायला बाहेर गेले, परत आले तर वर्ग भरलेला. निम्मा वर्ग होता तो गच्च झाला होता. मला क्षणभर वाटलं, चुकून बारावीत आले. शेवटून दुसऱ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. तिच्या पायाला चिखल होता आणि ती धापा टाकत होती. मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी नाव विचारलं, आणि तिनं सांगितलं तेव्हा मला तो पेपर आठवला.

"तू भूगोलात गेलीस ना? इथे काय करतेस?"

"सरांनी बसाय सांगितलंय मॅडम. कागद मंजूर हुईस्तवर."

"आणि माझ्या तासाला कधी का नाही आलीस?"

तिनं शेजारणीकडे बघितलं. शेजारची म्हणाली, "सांग की." मग ती खाली बघत म्हणाली, "तुमी कारण सांगायचं न्हाय म्हटलंय मॅडम."

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. मी म्हटलं, सांग.

"मुक्कामाची गाडी सहाला सुटती. ती स्टँडवर पावणेआठला येती. तिथनं मी चालत येतो." आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल असंच बोलतात, मी येतो, मी जातो. "त्येच्या आधी गाडीच न्हाय."

मुक्कामाची गाडी म्हणजे रात्री गावात थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी एसटी. गावात दिवसाची पहिली गाडी तीच. मी वर्गाला विचारलं, आणखी कोण कोण गाडीनं येतं? मला वाटलं दोन-चार हात वर होतील. एकतीस झाले. कागल, राधानगरी, गारगोटी, पन्हाळ्याची वाट. चार महिने मी वाघ म्हणून ज्यांना शिकवत होते ती सगळी शहरातली पोरं होती, किंवा इथे खोली घेऊन राहणारी. त्यांचा मेंदू ताजा होता कारण तो सातपर्यंत झोपलेला होता. गाडीतल्या बाकीच्यांनी संध्याकाळचे क्लास लावले होते आणि माझा भाग तिथे भरून काढला होता, म्हणून ती चाचणीत तरली. हिला शेवटची सोयीची गाडी दीडची होती. क्लास लावायचा तर मुक्कामाची गाडी तो सुटायच्या आधीच गावाकडे निघालेली असायची, आणि त्यानंतर काही नव्हतं.

मी घरी जाऊन तिचा पेपर काढला. तो मी आधी वाचला नव्हता, तपासला होता. पहिला प्रश्न सीमेचा होता: x वर्ग वजा ९, भागिले x वजा ३, आणि x तीनकडे जातो. शिकवलेली रीत अशी, की अवयव पाडायचे, छेदातला x वजा ३ उडवायचा, उत्तर सहा. दोन ओळींचं काम. हिनं अख्खं पान भरलं होतं. वर लिहिलं होतं, "३ घातल्यावर शून्य भागिले शून्य येतं, त्याचं काय करायचं माहीत नाही. म्हणून ३ च्या आधी थांबून बघितलं." मग २.९ घालून ५.९. मग २.९९ घालून ५.९९. मग २.९९९. सगळे भागाकार हातानं. शेवटी, "सहाच्या जवळ जवळ जातं. सहा का होत नाही ते कळलं नाही."

त्याच्यावर मी लाल पेननं रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "रीत चूक." गुण शून्य. ते तीन गुण दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचे होते.

सीमा म्हणजे काय हे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. कुणी न शिकवता, मुक्कामाच्या गाडीनं येणाऱ्या एका पोरीनं ती स्वतः शोधून काढली होती, आणि ती चूक आहे असं मी लिहून दिलं होतं. मला रडू आलं. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, दही संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले. आमचे क्लार्क म्हणजे आळसाचं जिल्हा मुख्यालय. माझ्या पगारवाढीचा कागद त्यांच्या खणात दीड वर्ष होता, वर उदबत्तीचा पुडा ठेवून. मी निश्चिंत होते. म्हटलं, ते भूगोलाचे अर्ज द्या, एक परत घ्यायचा आहे.

"ते गेलं की कालच," ते म्हणाले. "चौदाच्या चौदा. वेळेत पाठवलं. नवीन सायबानी दम दिलाय म्हणून." आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिले.

उभ्या नोकरीत त्या माणसानं एकदा वेळेत काम केलं, आणि ते नेमकं हे. मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी तारीख उलटून गेल्याचं सांगितलं, मग मेंदूबद्दल थोडं सांगितलं. अर्ज गेले होते त्या शिक्षण खात्याच्या ऑफिसातही मी जाऊन आले. तिथल्या बाईंनी सरळ विचारलं, की अर्जावर सही तुमचीच आहे ना? माझीच होती, मोठी आणि स्वच्छ.

सर रजेवरून आले तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, तुम्हाला गाडीचं माहीत होतं.

"व्हय. मी त्याच गाडीनं शिकलोय की. तवा बी ती पावणेआठलाच येत होती."

"म्हणून तुम्ही पहिला तास घेत होता? कॅल्क्युलस चुकू नये म्हणून?"

"त्रिकोणमिती धाव्वीची असती. सुट्टीत दहा मिनटं सायकल स्टँडवर सांगितली की गाडीच्या पोरास्नी कळती. तुमचं ते दहा मिनटांत कळत न्हाय."

सायकल स्टँडवर सर पोरं गोळा करतात हे मी बघितलं होतं. ती त्यांची खासगी शिकवणी आहे, असं मी मागच्या प्राचार्यांच्या कानावरही घातलं होतं. ते मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं.

"मग मला नीट सांगितलं का नाही?"

"अकरा वर्सं तुमी माज्याशी भांडायलासा. विचारलासा का कधी?"

मला त्यांचा संतापच आला. विचारलं नव्हतं हे खरं, पण त्यांनीही तंबाखू जरा बाजूला ठेवून एक सरळ वाक्य बोलायला हरकत नव्हती. ते मी बोलले. त्यांनी तेही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय, तेवढं चुकलंच."

त्याच आठवड्यात आम्ही तास बदलले. स्टाफरूममध्ये मी उभी राहून सांगितलं, की पहिला तास सरांना परत. बाकीच्यांची फार निराशा झाली, कुणाला भांडणच मिळालं नाही. पण वरातीमागून घोडं होतं ते. जिच्यासाठी बदलले ती कागदावर भूगोलात होती.

तरी ती यायची. भूगोलाच्या मॅडमना मी जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, नकाशे वेळेवर देत असेल तर माझ्या तासाला ती कुठे बसते ते मी बघणार नाही. मग रोज आठला धापा टाकत, शेवटून दुसऱ्या बाकावर. तिला सीमेची खरी रीत मी स्वतः सांगितली, आणि तिची रीत वर्गाला सांगितली, कुणाची ते सांगून. वर्गानं मागे वळून बघितलं. ती वहीत डोकं घालून बसली.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. आदल्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, जास्तीचा पेपर असला तर मला बी द्या." मी दिला. तिनं तीन तास लिहिलं. माझ्या भागात तिला चाळीसपैकी पस्तीस पडले, सरांच्या भागात सदतीस. वर्गात ती दुसरी होती. मी गुणपत्रक भरायला बसले आणि तिच्या नावापुढे गणिताचा रकानाच नव्हता. तिथे भूगोल होता, आणि भूगोलात तिला बरे गुण होते. वर्गात दुसरा म्हणून ज्या मुलाचं नाव लागलं तो खरं तर तिसरा होता. तो फ्लेक्सवर आहे.

तिचा पेपर मी तिला परत दिला. नियमाप्रमाणे द्यायचा नसतो, पण नियमाप्रमाणे तो पेपरच नव्हता. चाचणीचा तो जुना पेपरही दिला. त्याच्यावरची लाल रेघ तशीच ठेवून मी खाली चारपैकी चार लिहिले होते आणि सही केली होती. तिनं दोन्ही पेपर बघितले, घडी घातली, दप्तरात ठेवले. मी माफ कर म्हटलं. ती गोंधळली. मास्तरनं माफी मागितली तर काय करायचं हे आमच्या शाळांत कुणी शिकवत नाही.

मग दीडची गाडी धरायची म्हणून ती निघाली. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मॅडम, बारावीला बी मी येऊन बसलो तर चालेल?"

मी चालेल म्हटलं. आणि कॅल्क्युलस दुसऱ्याच तासाला असेल, हेही सांगितलं.